तार कोणाची, जागा कोणाची? : माणमधून पाहिलेला इंटरनेट आणि होस्टिंगच्या निवडीचा इतिहास

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी माण तालुक्यातल्या काही गावांत विहिरींची पाणीपातळी नोंदवायला सुरुवात केली. आकडे गावालाही दिसावेत म्हणून एक छोटी वेबसाइट केली. डोमेन आणि होस्टिंग एकाच विक्रेत्याकडून घेतलं, स्वस्त पडलं. वर्षभराने नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा त्याचा फोन लागेना. मग लक्षात आलं की डोमेन त्याच्याच नावावर नोंदलेलं आहे. साइट बंद पडली. माझ्या वहीतले आकडे वाचले, पण गावातल्या मुलांनी थेट साइटवर भरलेल्या चार महिन्यांच्या नोंदी गेल्या. आणि त्या उन्हाळ्यातली विहिरीची पातळी आता पुन्हा मोजता येणार नाही.

तेव्हा मी सगळ्यांना विचारलं होतं, ‘कंपनी कोणती चांगली?’ प्रश्नच चुकला होता. कोणती गोष्ट कोणाकडून घ्यायची आणि कोणती स्वतःच्या हातात ठेवायची, हे आधी विचारायला हवं होतं. हा प्रश्न आपल्याला सुचत नाही याला एक इतिहास आहे. तो थोडक्यात सांगतो.

एकच दुकान

भारतात 1986 मध्ये अर्नेट हे जाळं सुरू झालं. ते शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी होतं. मुंबईतली आयआयटी आणि एनसीएसटी त्यात सुरुवातीपासून होत्या. सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगम म्हणजे व्हीएसएनएलमार्फत. आधी मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि थोड्याच काळात पुणे, बेंगळुरू.

निवडीचा प्रश्नच नव्हता. जोडणी व्हीएसएनएलची, ई-मेलचा पत्ताही त्यांचाच. विद्यार्थ्यांना स्वस्त खातं मिळे, पण त्यात फक्त अक्षरं दिसत, चित्रं नाहीत. सुरुवातीच्या डायल-अपचा वेग सेकंदाला 9.6 किलोबिट. या वेगाने 10 एमबीची एक फाइल उतरवायला, मध्ये लाइन तुटली नाही तरी, सव्वादोन तासांहून जास्त वेळ लागेल. शिवाय आपल्या गावाजवळ केंद्र नसेल तर फोन बाहेरगावी लावावा लागे, म्हणजे एसटीडीचं बिल वेगळं.

या काळाने आपल्याला एक सवय लावली. तार, पत्ता आणि जागा एकाच दुकानातून घ्यायची. खरं तर या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तार म्हणजे आपल्या घरापर्यंत येणारी जोडणी. पत्ता म्हणजे डोमेनचं नाव. जागा म्हणजे आपल्या फाइल्स ज्या सर्व्हरवर राहतात ती, म्हणजेच होस्टिंग. तारेच्या कंपनीचा ई-मेल पत्ता घेतला की कंपनी बदलताना पत्ताही सुटतो, हे अनेकांना पुढे कळलं. व्हीएसएनएलमधला मोठा हिस्सा सरकारने 2002 मध्ये टाटांना विकला आणि 2008 मध्ये कंपनीचं नावच बदलून टाटा कम्युनिकेशन्स झालं. पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत ‘एकमेव’ दुकानाची पाटी उतरली.

परवाना आला, निवड आली का?

नोव्हेंबर 1998 मध्ये मक्तेदारी संपली आणि खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले. परवान्यांचे तीन वर्ग होते. अ वर्ग देशभरासाठी, ब वर्ग एका दूरसंचार मंडळासाठी किंवा महानगरासाठी, आणि क वर्ग साधारण एका जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी. म्हणजे कागदावर कोणीही फक्त साताऱ्यापुरती किंवा सांगलीपुरती इंटरनेट कंपनी काढू शकत होता.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे थांबावं. परवान्यांची यादी पाहून ‘1998 नंतर ग्राहकाला निवड मिळाली’ असं लिहिणं सोपं आहे. पण यादी हा परवानगीचा पुरावा आहे. पुरवठ्याचा नाही, आणि वापराचा तर नाहीच. डायल-अपसाठी टेलिफोनची तार लागते. दहिवडी किंवा म्हसवडच्या आसपासच्या वाडीवस्तीवर ती तार सरकारी एक्स्चेंजचीच असणार, नाहीतर नसणारच. 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान 256 किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हटलं आणि जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलने ती सेवा सुरू केली. पण तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड एक्स्चेंजपासून काही किलोमीटरवर मंदावत जातं. माणसारख्या विखुरलेल्या वस्तीच्या दुष्काळी तालुक्यात हे अंतरच निवड ठरवतं. पुढे मोबाइलचा टॉवर आला, 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, भारतनेटची फायबर ग्रामपंचायतींकडे निघाली. तरीही माळावर उभं राहून आपण ‘कोणती कंपनी चांगली’ म्हणत नाही, ‘इथं कोणाची रेंज येते’ म्हणतो. तारेच्या बाबतीत गावाला निवड कमीच असते.

वारणेचा धडा

माणच्या दक्षिणेला, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या सीमेवर, वारणा खोऱ्यात याचं एक नोंदलेलं उदाहरण आहे. 1998 मध्ये तिथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणेच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातली सुमारे 70 गावं संगणकाने जोडायची, शेतकऱ्याला बाजारभाव आणि माहिती गावातच द्यायची, अशी कल्पना. 54 केंद्रं उभी राहिली.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे संशोधक तिथे गेले आणि केंद्रावर बसून प्रत्यक्ष काय चालतं ते पाहिलं. इंटरनेट असं जवळजवळ वापरात नव्हतं. संगणकावर चालायचं ते उसाचं वजन, खताची मागणी, तोडणीची परवानगी, बिलाचा हिशेब. म्हणून त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइल ठेवला. एसएमएस पाठवायचा, कारखान्यातल्या संगणकावरच्या नोंदीतून उत्तर यायचं. 2007 मध्ये त्यांनी हा प्रयोग मांडला तो ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने.

यात माझ्या दृष्टीने महत्त्वाचं असं की तारेचा प्रकार बदलला, तरी काम थांबलं नाही. कारण उसाच्या नोंदी कारखान्याकडेच होत्या. तार बदलता येते, मूळ नोंद आपल्याकडे असली की.

जागा देणारेही जातात

होस्टिंगचा इतिहास याहून कडक आहे. नव्वदच्या दशकात जिओसिटीजवर फुकट जागा मिळायची आणि जगभरातल्या हौशी लोकांनी तिथे पानं बांधली. याहूने 1999 मध्ये ती कंपनी घेतली आणि ऑक्टोबर 2009 मध्ये बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून बराचसा भाग उतरवून ठेवला म्हणून आज तो अभ्यासाला मिळतो. पैसे भरले म्हणजे सुरक्षित, असंही नाही. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांच्यातल्या अनेकांचं दोन्ही गेलं.

पत्त्याच्या बाबतीत मात्र आपली बाजू सुधारली. 2005 पर्यंत डॉट इन नाव मिळवणं इतकं कटकटीचं होतं की जेमतेम काही हजार नावं नोंदली गेली होती. 2005 मध्ये नियम सैल झाले आणि कोणालाही अधिकृत नोंदणीदाराकडून नाव घेता येऊ लागलं. म्हणजे वाडीवर बसलेल्या माणसाला तारेची निवड नसली तरी पत्त्याची आणि जागेची निवड पुण्यामुंबईच्या माणसाइतकीच आहे. मी नेमकी हीच निवड न पाहता सोडून दिली होती.

मग निवडायचं कसं?

तार निवडताना जाहिरातीतला वेग बघू नका. शेजारच्या तीन घरांत विचारा की पावसाळ्यात आणि लाइट गेल्यावर काय होतं. अपलोडचा वेग वेगळा विचारा, कारण आपल्याला नुसतं बघायचं नसतं, डेटा पाठवायचाही असतो. फील्डवर दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेवा. आणि तार गेली तरी नोंद चालू राहील अशी पद्धत ठेवा, म्हणजे आधी वहीत किंवा फोनमध्ये, मग सर्व्हरवर.

डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर आणि शक्यतो होस्टिंगपेक्षा वेगळ्या ठिकाणी घ्या. मालक म्हणून कोणाचं नाव नोंदलंय ते पहिल्याच दिवशी तपासा.

होस्टिंगवाल्याला पहिला प्रश्न ‘किती जीबी’ हा नको, ‘सोडून जायचं झालं तर माझ्या फाइल्स आणि डेटाबेस मला कसे मिळतील’ हा विचारा. उत्तर गोलमोल आलं तर पुढे जा. पहिल्या वर्षाच्या सवलतीपेक्षा नूतनीकरणाचा दर पाहा. फरक तिथेच असतो. बॅकअप त्याच कंपनीच्या त्याच जागेत नको.

आणि संशोधनाचा डेटा वेबसाइटच्या भरवशावर कधीच ठेवू नका. आपले प्रबंध शोधगंगेत जातात, तसा डेटा सर्नने चालवलेल्या झेनोडोसारख्या भांडारात ठेवता येतो. वेबसाइट दाखवण्यासाठी, भांडार टिकवण्यासाठी.

आता माझ्या विहिरींचे आकडे तीन ठिकाणी असतात, आणि एक प्रत प्रत्येक गावाच्या ग्रामपंचायतीत छापून दिलेली असते. त्या चार महिन्यांच्या जागी आलेखात पोकळी आहे. ती मी भरून काढत नाही, तशीच दाखवतो.