तनपुरे मठातले दहा दिवस

पंढरपूरच्या महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला भिंतीचे काम चालू असताना ती कोसळून ते गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या, असे परंपरा सांगते. समोरच नामदेवांची पायरी. चोखोबांच्या जातीच्या वारकऱ्याला १९४७च्या मेपर्यंत ती पायरी ओलांडता येत नव्हती. इतरांनी विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवायचे आणि याने बाहेरून कळसाला हात जोडून गाव गाठायचे.

साने गुरुजींच्या उपोषणाची हकिगत आपण शाळेपासून ऐकतो ती एकट्या माणसाच्या धैर्याची. ‘श्यामची आई’चा हळवा लेखक प्राण पणाला लावतो आणि दार उघडते. घटनांचा क्रम नीट लावून पाहिला तेव्हा मला ही हकिगत अपुरी वाटू लागली. गुरुजी १९४६च्या कार्तिकी एकादशीलाच बसणार होते. सेनापती बापटांसारख्यांनी त्यांना थांबवले. आधी लोकांकडे जा, म्हणाले. मग सुरू झाला महाराष्ट्राचा दौरा. सोबत सेवा दलाची मुले, त्यांचे कलापथक. सभा झाली की गावातली एखादी विहीर खुली व्हायची, कुठे मारुतीचे देऊळ. गावच्या विहिरीवर शेजाऱ्याला पाणी भरू देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्यासाठी भावकीचा रोष पत्करावा लागे. ते धैर्य कुणाच्या नावावर मांडायचे?

म्हणून हा दौरा मला उपोषणाइतकाच, किंबहुना अधिक मोलाचा वाटतो. १ मे रोजी गुरुजी बसले ते तनपुरे महाराजांच्या मठात. सनातन्यांच्या घोषणा चालू असताना पंढरपुरातल्याच एका वारकरी मठाने जागा द्यावी, याकडे अभ्यासकांनी पुरेसे पाहिलेले नाही असे माझे मत आहे. गांधीजींचा कौलही उपोषणाविरुद्ध होता. आयुष्यभर ज्यांना मानले त्यांचेही गुरुजींनी ऐकले नाही. विठ्ठलावरची श्रद्धा तर होतीच. पण तो विठ्ठल आपला एकट्याचा नाही, हे ते गावोगाव पाहून आले होते. दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीनंतर बडव्यांकडून संमती मिळाली आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

यात एक खुपणारी गोष्टही आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मार खायला पुढे आले ते खुद्द अस्पृश्य समाजातले स्त्री-पुरुष. वर्षानुवर्षे दार उघडले नाही. १९३५मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. म्हणजे पंढरपूरचे दार उघडले तोवर ज्यांच्यासाठी ते उघडायचे, त्यांतल्या अनेकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. गुरुजींचे उपोषण हे सवर्णांनी फेडायचे देणे होते, आणि ते उशिरा फेडले गेले, असेच मी म्हणेन.

मंदिर खुले होताना काही कर्मठांनी मूर्तीतले तेज मंत्राने एका घागरीत काढून घेतले, अशी गोष्ट सांगतात. आषाढीची रांग मात्र मूर्तीपुढेच लागते.