किल्ल्यांच्या आधीच्या वाटा



किल्ल्यांवर बोलावयास उभा राहिलेला वक्ता आपल्या गावात कधी पडत नाही. राजगड म्हटला की माना डोलतात, तानाजीचे नाव निघाले की मागच्या रांगेतली कुजबुज थांबते. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्या गडाच्या पायथ्याशी माणूस आला कोणत्या वाटेने, आणि तो डोंगर ओलांडून पलीकडे उतरला कोणत्या वाटेने, हा प्रश्न मला आजवर एकाही श्रोत्याने विचारलेला नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. आपणांप्रमाणे मलाही आनंद झाला. त्या यादीत शिवनेरी आहे. पण शिवनेरीच्या पायथ्याचे जुन्नर ज्या वाटेमुळे भरभराटीस आले, ती नाणेघाटाची वाट यादीत नाही. आणि ती असावी असे कोणाच्या मनात तरी आले होते की नाही, कोण जाणे! आज मला बोलावयाचे आहे ते या वाटांविषयी.

वाट आधी आणि किल्ला मागाहून, हा सह्याद्रीतला सामान्य क्रम आहे. व्यापारी, यात्रेकरू, गुरे यांनी वाट पाडली. तिच्यावर लक्ष ठेवावयाचे म्हणून शेजारच्या डोंगरावर तटबंदी चढली. नाणेघाटाच्या माथ्यावरून जीवधनाकडे पाहावे, म्हणजे हे कोणी समजावून सांगण्याची गरज राहत नाही. तो गड घाटाच्या उशालाच बसला आहे.

आता सह्याद्रीत वाट पडते कशी, ते थोडे पाहू. देशाच्या बाजूने या पर्वताकडे गेले तर तो पर्वत वाटतच नाही; पठारामागून पठार जाते आणि एकाएकी पायाखालची जमीन संपते. कोकणाच्या बाजूने पाहावे तर समोर भिंत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. त्यांतले काही कठीण, काही मऊ. कठीण थराचा कडा झाला, मऊ थर झिजून त्याची उतरती पट्टी झाली. ह्या पट्टीला आपले डोंगरातले लोक ‘पदर’ म्हणतात, आणि मला हा शब्द फार आवडतो. वाट सोंडेवरून पदरापर्यंत चढते, मग कड्याच्या पोटाशी आडवी जात राहते. जात राहते म्हणजे वरच्या कड्यात कोठे भेग आहे ते शोधत राहते. ती भेग म्हणजे नाळ. नाळेत मोठमोठे धोंडे, पावसाळ्यात धबधबा, आणि उन्हाळ्यात गुडघ्यांची परीक्षा. जेथे नाळही नाही तेथे कातळात पावठ्या खोदावयाच्या किंवा शिडी लावावयाची. भीमाशंकरास खांडसकडून जाणाऱ्यांना दोन वाटा ठाऊक असतात : एक शिडीघाट, जवळचा पण छाती धडधडविणारा, दुसरा गणपतीघाट, लांबचा आणि सोशीक. रायगडाच्या परिसरात बोराट्याची नाळ आहे, सिंगापूरची नाळ आहे. सारांश, सह्याद्रीत मनात येईल तेथून वाट काढता येत नाही. ती सापडावी लागते. आणि सापडलेली वाट ठाऊक असणे हीच एक सत्ता होते.

या सत्तेचा सर्वांत जुना बोलका पुरावा नाणेघाटात आहे. मुरबाडकडून वैशाखऱ्याच्या अंगाने चढत गेले की शेवटी दोन कड्यांमधल्या अरुंद फरसबंद खिंडीशी पोचण्याआधी एक खोदलेले लेणे लागते. ते देवाचे नाही, भिक्षूंचेही नाही. भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. सामान्यतः तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. तिचा पती सातकर्णी याच्या काळी झालेले यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा यांची ही यादी आहे : गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे. आकडे मोठमोठे आहेत, आणि आपल्या देशातल्या अंकचिन्हांच्या अगदी जुन्या नमुन्यांत ह्या लेखाची गणना होते. आता हा प्रश्न आपण स्वतःस विचारावा की, राजधानी सोडून, नगर सोडून, राणीने आपल्या घराण्याचे वैभव घाटाच्या तोंडाशी का कोरविले? मला एकच उत्तर सुचते. तिला ते ज्यांनी वाचावे असे वाटत होते, ते लोक येथून जात होते. कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरास आणि पुढे पैठणास जात असे. ह्या राज्याची तिजोरी कोठून भरते ते त्या कातळास ठाऊक होते. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे सांगतात. ती परंपरा आहे, पुरावा नव्हे. परंतु परंपरेला सुद्धा नेमके जकातच सुचावी, ह्यात अर्थ आहे.

त्याच लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातील माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. वर नावे आहेत : सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी, आणखी काही कुमार, एक महारठी. मूर्ती मात्र नाहीशा झाल्या आहेत. खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

इतकी थोर वाट, पण तिचे नशीब तिच्या हाती नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषा लिहिणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे वृत्त लिहिले. त्यात तो पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, ह्या बाजारपेठांची नावे घेतो. पैठणचे अकीकासारखे रंगीत दगड आणि तगरचे कापड गाड्यांतून थेट भडोचला जाते असे सांगतो. एवढा लांबचा हेलपाटा का? कारण कल्याण बंदरावर संदनेस नावाच्या सत्ताधाऱ्याचा अंमल आला होता, आणि तेथे चुकून गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात. घाट होता तसाच होता. एकही दगड ढळला नव्हता. पण खालचे बंदर अडले की वरची वाट ओस पडावयाचीच. वाटेचे महत्त्व तिच्या दोन टोकांवर ठरते, हे मी इतिहासाच्या अनेक ग्रंथांपेक्षा या एका हकीकतीवरून अधिक स्पष्टपणे शिकलो.

मधली दीड हजार वर्षे मी ओलांडतो. त्या काळी वाटा थांबल्या होत्या म्हणून नव्हे, तर एका संध्याकाळी सर्व घाट उतरता येत नाहीत म्हणून. शिवकाळात येऊ.

१६५९ साली अफझलखान वाईहून जावळीच्या खोऱ्यात उतरला तो रडतोंडीच्या घाटाने. नावातच सर्व आले. मोकळ्या मुलखातली फौज रडतोंडीत उतरविणे, हे प्रतापगडाच्या भेटीआधीचे अर्धे युद्ध होते. पण त्याहून मला उंबरखिंडीचा प्रसंग अधिक बोलका वाटतो. शाहिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला असताना त्याने कारतलबखानास कोकणात उतरण्यास धाडले. १६६१ साल उजाडले होते. राजरस्ता बोरघाटाचा, तो सोडून खानाने कुरवंड्याचा घाट धरला. आज लोणावळ्यास हवा खाण्यास जाणारे नागफणीच्या टोकावरून ज्या दरीत डोकावून पाहतात, तीच ती उतरण. खानाने विचार केला असेल की, माहीत नसलेल्या वाटेवर शत्रूही नसेल. माहीत नसलेली कोणाला? त्याला! खाली उंबरखिंडीच्या रानात मराठे आधीच दबा धरून होते. कवींद्र परमानंदाने ‘शिवभारता’त या प्रसंगाचे वर्णन केले आहे : पाऊलवाट अरुंद, झाडी दाट, वारा नाही, पाणी नाही. फौज पुढेही जाईना, मागेही फिरेना. सोबत माहूरची रायबागन होती. तिनेच खानाची कानउघाडणी केली आणि शरण जाण्याचा सल्ला दिला. खंडणी भरून, सामान टाकून खान माघारी गेला. येथे तोफ नव्हती, तट नव्हता, बुरूज नव्हता. जिंकली ती वाटेची माहिती. आणि ती माहिती कोणा पंडिताची नव्हती, तर त्या रानातून लाकूडफाटा, मध, मीठ वाहणाऱ्या माणसांची होती. त्यांची नावे परमानंदाने लिहिली नाहीत. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपणही लिहिली नसती.

इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हेच ज्ञान राजनीती होऊन बसले. गडावर जाणारी वाट सोपी असू नये. असेल तर ती मोडावी, तिच्यावर झाडी वाढवावी आणि अवघड अशी दुसरी वाट घालावी. शिवाय प्रसंगासाठी चोरवाटा राखाव्या, असे तेथे सांगितले आहे. वाट राखणे म्हणजे ती रुंद करणे नव्हे, हे आपणां शहरवासीयांस चमत्कारिक वाटेल.

इंग्रजांनी नेमके उलट केले, आणि तेही दोन पावलांत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर त्यांनी ठिकठिकाणच्या गडांचे पायरीमार्ग सुरुंग लावून उडविले. अलंग, मदन, कुलंग ह्या बाजूस गेलेल्यांनी त्या जखमा पाहिल्या आहेत; जीवधनाच्या पायऱ्यांचीही तीच गत झाली. हे पहिले पाऊल. दुसरे बोरघाटात. वेलस्लीने १८०४ च्या सुमारास तोफा जाण्याजोगी वाट तेथे करविली होतीच. १८३० साली गव्हर्नर माल्कम याने त्याच घाटात चाकाच्या गाड्यांचा रस्ता खुला केला आणि कोकण व देश यांमधली भिंत पाडल्याचा अभिमान लिहून ठेवला. भिंत पडली हे खरे. परंतु भिंतीला जी शंभर लहान दारे होती ती बंद करून एक मोठे दार उघडले, असेही या गोष्टीकडे पाहता येईल. एका दारावर पहारा ठेवणे सोपे असते. हा हेतू त्यांनी कोठे लिहिला आहे असे मी म्हणत नाही. परिणाम मात्र तोच झाला.

पुढे आगगाडी आली. बोरघाटाची चढण १८६३ साली पुरी झाली : सुमारे चोवीस किलोमीटर लांबी, पंचवीस बोगदे, आणि काम ऐन भरात असताना बेचाळीस हजारांवर मजूर. पटकी, ताप आणि सुरुंगांनी त्यांतले हजारो मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हाही १८५९ मध्ये येथे येऊन थोड्याच आठवड्यांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालविले. तिचे नाव राहिले. त्या मजुरांचे एकही नाही. १८६५ पासून थळघाटातूनही गाडी धावू लागली. मग बैलांच्या पाठीवर मीठ, सुकी मासळी, नारळ वर आणणारे आणि धान्य, गूळ, मिरची खाली नेणारे वंजारी-लमाण यांचे तांडे कशास लागतात? जे काम पिढ्यानुपिढ्या हजार खुरांनी केले ते एका इंजिनाने गिळले. लहान घाटांना कोणी बंदी केली नाही. त्यांवरून जाण्याचे कारण तेवढे काढून घेतले. कल्याण बंदराच्या बाबतीत जे घडले होते, तेच पुन्हा घडले. फक्त या खेपेस एका नव्हे तर सर्वच वाटांच्या बाबतीत.

आगगाडी नको होती असे माझे म्हणणे नाही. आजचे व्याख्यान आटोपून मीही गाडीनेच परत जाणार आहे.

परंतु वाट ही किल्ल्यासारखी नसते. किल्ला टाकून दिला तरी तीनशे वर्षे उभा राहतो. तट ढासळतो, चौथरा उरतो. वाटेचे बांधकाम पावलांचे. दहा पावसाळे कोणी गेले नाही की कारवी माजते, दरड येते, आणि पदरावरची ती रेघ पुसून जाते. काही वर्षांपूर्वी सवाष्णी घाटाने तैलबैल्याच्या बाजूने कोकणात उतरत असताना मला याचा प्रत्यय आला. माथ्यावरच्या एका वस्तीतले सत्तरीचे गृहस्थ वाट दाखविण्यास आले होते. “बाबा, तुम्ही शेवटचे कधी उतरलात?” म्हणून विचारले. म्हणाले, “धाकटीच्या बाळंतपणाला. दिली हाय ना खाली. दोन-अडीच तासांत जायाचो. आता येश्टीनं जातो, सगळा दिवस मोडतो.” मुलीचे घर वरून दिसत होते, निदान त्यांना तरी दिसत होते, त्यांनी बोट करून दाखविले. घाटवाटा म्हणजे व्यापार आणि लढाया एवढेच आम्ही पुस्तकात वाचतो. माहेर आणि सासर यांना जोडणाऱ्या ह्या वाटा होत्या, हे कोणत्या बखरीत येणार?

अर्ध्यावर, एका झाडोऱ्याशी, ते थांबले. पुढे वाट नव्हती. मी नकाशा काढला. त्यांनी नकाशाकडे पाहिले नाही. खाली वाकून पाला बाजूस सारला आणि हाताने दगड चाचपू लागले. दोन-तीन दगड खडबडीत निघाले. मग एक निघाला तो मधोमध गुळगुळीत, खोलगट, बैलांच्या खुरांनी घासलेला. “हितनंच,” ते म्हणाले, आणि कोयत्याने कारवी तोडीत पुढे झाले. खिंडीत वाघजाईच्या ठाण्यापुढे जाणाऱ्याने एक दगड किंवा पाला ठेवावयाचा रिवाज आहे. त्यांनी तो वर पाळलाच होता. आता प्रत्येक वळणावर ते दोन दगडांवर तिसरा रचू लागले. कोणासाठी, म्हणून मी विचारले.

“मला परत वर यायचंय की,” ते म्हणाले.