छातीतल्या धडधडीचा इतिहास

मराठीत भीतीला घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांतली बहुतेक शरीरात आहेत. छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, काळजाचे पाणी होते. ‘काळजी’ या रोजच्या शब्दात तर काळीजच दडून बसलेले दिसते. मन घाबरले की छाती धडधडते, हे आपल्या आजीला कुणी शिकवावे लागले नाही. पाश्चात्त्य लष्करी वैद्यकाला मात्र ही साधी गोष्ट नीट पटायला 1871 ते 1941 अशी सत्तर वर्षे लागली. त्या सत्तर वर्षांत धडधडणाऱ्या छातीच्या हजारो माणसांना ‘तुझ्या हृदयात काहीतरी आहे’ असे सांगितले गेले, आणि त्या सांगण्यानेच त्यांतले कित्येक जायबंदी झाले. मी डॉक्टर नाही. जुनी वैद्यकीय नियतकालिके वाचण्याचा नाद गेली वीस वर्षे लागला आहे, एवढाच माझा अधिकार. पण आज आपण ज्याला चिंताविकार म्हणतो त्याचा इतिहास मला मनोविश्लेषणाच्या ग्रंथांपेक्षा हृदयरोगाच्या कागदांत जास्त स्पष्ट दिसला.

सुरुवात अमेरिकेच्या यादवी युद्धापासून करावी लागते. फिलाडेल्फियातल्या टर्नर्स लेन या लष्करी रुग्णालयात जेकब मेंडिस डा कॉस्टा नावाचा तिशीतला डॉक्टर काम करत होता. आघाडीवरून त्याच्याकडे असे सैनिक येऊ लागले की ज्यांना जखम नव्हती, पण कवायतीला उभे राहिले की छाती धडधडे, डावीकडे कळ येई, दम लागे, चक्कर येई, रात्री झोप मोडे. स्टेथोस्कोप लावला तर झडपा ठीक. नाडी मात्र उभे राहताच भरधाव सुटे आणि आडवे झाले की पुष्कळ खाली येई. अशा तीनशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास करून त्याने जानेवारी 1871 मध्ये एक दीर्घ निबंध छापला आणि या दुखण्याला ‘इरिटेबल हार्ट’, म्हणजे चिडखोर हृदय, असे नाव दिले. निरीक्षण म्हणून तो निबंध आजही वाचण्यासारखा आहे. उगाच काही दडपलेले नाही, उगाच फुगवलेले नाही. पण कारण शोधताना डा कॉस्टाने सक्तीच्या मजला, ताप, जुलाब यांकडे बोट दाखवले. दमलेले हृदय बिघडले, असा त्याचा हिशेब. उपचार त्याला धरूनच: अंथरुणात विश्रांती आणि डिजिटॅलिस. तोफांच्या भडिमाराखाली महिनोन्‌महिने राहिलेल्या माणसाला भीतीही वाटत असेल, हा मुद्दा त्या हिशेबात जवळजवळ नाही.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये याच दुखण्याचा दोष सैनिकाच्या सामानावर टाकला गेला. नेटली येथील लष्करी रुग्णालयाच्या मॅक्लिन यांना वाटे की पाठीवरच्या बोचक्याचे पट्टे छाती आवळतात. आर्थर मायर्स या लष्करी शल्यवैद्याने 1870 साली घट्ट गळ्याच्या, अंगासरशा गणवेशाला जबाबदार धरले. मग सामानाची रचना बदलली, पट्टे सैल झाले. धडधड काही थांबली नाही. आज हे वाचताना हसू येते, पण ते लोक मूर्ख नव्हते. सैनिकाने ‘मला भीती वाटते’ म्हणणे म्हणजे भेकडपणाची कबुली, आणि ‘माझे हृदय दुखते’ म्हणणे म्हणजे सन्मानाने रजा. हृदय ही दोघांच्याही सोयीची जागा होती, सैनिकाच्या आणि डॉक्टरच्याही.

जाता जाता एक योगायोग. टर्नर्स लेनमध्येच सायलस वेअर मिचेल हे मज्जातंतुतज्ज्ञ होते. पुढे त्यांनी ‘रेस्ट क्युअर’ प्रसिद्ध केला. त्रस्त स्त्रियांना आठवडेच्या आठवडे पलंगावर ठेवायचे, भरपूर दूध पाजायचे, वाचू-लिहू द्यायचे नाही. शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेने तो उपचार स्वतः भोगला आणि 1892 मध्ये ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा प्रसिद्ध केली. घाबरलेल्या माणसाला हलू देऊ नये, हा विचार किती लांबपर्यंत पोचला होता ते त्यावरून कळते.

त्या विचाराला पहिला मोठा धक्का दिला पहिल्या महायुद्धात थॉमस लुईस यांनी. हे इलेक्ट्रोकार्डिओग्रामचे, म्हणजे आपल्या ईसीजीचे, त्या काळातले अव्वल जाणकार. तेव्हा हेच दुखणे ब्रिटिश फौजेत ‘डीएएच’ या आद्याक्षरांनी ओळखले जाई. त्यात ‘हृदयाचे बिघडलेले कार्य’ असा अर्थ होता. हॅम्पस्टेडच्या आणि नंतर कोल्चेस्टरच्या रुग्णालयात लुईस यांनी या सैनिकांना झोपवून ठेवण्याऐवजी कवायतीला उभे केले. आधी हलकी, मग जरा जड, मग त्याहून जड, अशा पायऱ्या. कोण किती झेपवतो हे तपासण्याचे ते साधन होते आणि उपचारही तोच. पुष्कळ जण कामाला लागले. लुईस यांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला कवायतीइतकीच मोलाची वाटते. त्यांनी दुखण्याच्या नावातून ‘हृदय’ काढून टाकले आणि ‘एफर्ट सिंड्रोम’, श्रमाने उद्भवणारा लक्षणसमूह, असे नाव सुचवले. रुग्णाच्या कागदावर हृदयाचा उल्लेख असणे हेच त्याला अपाय करते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. कारण मात्र तेही शरीरातच शोधत राहिले.

इथे मला आईबद्दल लिहिणे भाग आहे. 1978 साली, माझ्या धाकट्या काकांच्या अकाली मृत्यूनंतर दोनेक महिन्यांनी, एका संध्याकाळी भाजी निवडताना तिला घाम फुटला, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आमच्या भागातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, “वहिनी, हृदय जरा नाजूक आहे. जिने चढू नका, दगदग नको.” आम्ही चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. आई खाली उतरायची बंद झाली, कारण उतरले की चढणे आले. मामाच्या मुलीचे लग्न झाले, ती गेली नाही. माझ्या शाळेच्या एकाही स्नेहसंमेलनाला आली नाही. उतरलीच तर कठडा घट्ट धरून, प्रत्येक वळणावर बसत, पदराच्या गाठीत एक गोळी बांधून. पुढे मोठ्या रुग्णालयात सगळ्या तपासण्या झाल्या तेव्हा हृदय निर्दोष निघाले. तोवर एकोणीस वर्षे गेली होती. ती चौऱ्याऐंशी वर्षांची होऊन गेली, तीही न्यूमोनियाने.

लुईस यांच्या कवायतीचे वर्णन मी पहिल्यांदा वाचले तेव्हा आमचा जिना डोळ्यांपुढे आला नसता तरच नवल.

कोडे पुरते सुटले ते दुसऱ्या महायुद्धात. पॉल वुड हे हृदयरोगतज्ज्ञ जन्माने निलगिरीतल्या कुन्नूरचे, 1907 सालचे. शिकले मेलबर्नला, नाव कमावले लंडनला. लंडनच्या उत्तरेला मिल हिल येथे एका शाळेच्या इमारतीत युद्धकाळापुरते रुग्णालय उघडले होते, तिथे या सैनिकांसाठी खास विभाग होता. वुड यांनी त्यांना सर्व बाजूंनी तपासले आणि 1941 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून आपली व्याख्याने प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा: ही हृदयाची व्याधी नाही, भावनेची आहे. भीतीने शरीरात जे होते त्याचा माणूस चुकीचा अर्थ लावतो, हृदयच बिघडले अशी त्याची खात्री होत जाते, मग श्रम केले तर मरू ही भीती, त्या भीतीने पुन्हा धडधड. चक्र पुरे होते. हे एका हृदयरोगतज्ज्ञाने म्हणावे याला महत्त्व आहे. मनोविकारतज्ज्ञाने म्हटले असते तर हृदयवाल्यांनी ऐकलेच असते असे नाही. आणि वुड यांनी हे हृदय नीट तपासून झाल्यावर म्हटले, आधी नव्हे. छातीत दुखते आहे त्याने तपासणी टाळावी असा याचा अर्थ कुणी काढू नये.

त्याच विभागात मॅक्सवेल जोन्स हे तरुण मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे शंभर खाटा. प्रत्येकाला वेगळे समजावत बसणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवून शरीर कसे चालते, घाबरल्यावर नाडी का पळते, हे व्याख्यानासारखे सांगायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत जुने रुग्णच नव्या रुग्णांना ते सांगू लागले. जोन्स पुढे ‘उपचारक समुदाय’ या कल्पनेसाठी जगभर गाजले, तिचा उगम या बैठकींत आहे.

ही माणसे पुढे खरोखर हृदयाने गेली का, हा प्रश्न उरलाच होता. बोस्टनच्या डॉक्टरांनी अशा 173 रुग्णांचा वीस वर्षांनी माग घेतला आणि 1950 मध्ये अहवाल दिला. त्यांचे आयुष्य इतरांपेक्षा कमी झालेले नव्हते. त्रास मात्र अनेकांना तेव्हाही होता. त्यांचे हृदय ठीक आहे हे कळले होते, पण भीतीचे काय करायचे हे कळायचे राहिले होते.

मुंबईत त्या दिशेने एक प्रयत्न झाला, त्याची आठवण आपल्याकडे फारशी काढली जात नाही. के.ई.एम. रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया यांनी लोणावळ्याच्या कैवल्यधामातले विनेकर आणि आपले सहकारी दूनगाजी यांच्यासह 1966 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री’त निबंध लिहिला, पतंजलीच्या कल्पनांवर आधारलेल्या उपचाराविषयी. 1970च्या दशकात त्यांनी तुलनाही करून पाहिली: एका गटाला पूर्ण पद्धती, दुसऱ्याला आसनांसारखे दिसणारे व्यायाम, पण मनाच्या एकाग्रतेचा भाग वगळून. योगाची नुसती थोरवी न गाता त्याची अशी परीक्षा घेणारी माणसे तेव्हा थोडी होती.

वुड यांनी दाखवलेले चक्र तोडायचे कसे, याची नेटकी रीत ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी 1986 पासून मांडली. तिची मुळे अॅरन बेक यांच्या विचारात, आणि बेक काम करत होते फिलाडेल्फियात, म्हणजे डा कॉस्टाच्याच गावात. क्लार्क यांचे म्हणणे थोडक्यात असे. घाबरले की श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. माणूस याचा अर्थ ‘झटका आला’ असा लावतो आणि आणखी घाबरतो. उपचारात हे नुसते सांगत नाहीत, करून पाहायला लावतात. उपचारकासमोर खुर्चीवर बसून दोन मिनिटे मुद्दाम भराभर श्वास घ्यायचा. तीच मुंगी, तीच चक्कर, आणि कारण हाताशी. मग जिना चढायचा. कठडा न धरता.

हा कठडा महत्त्वाचा आहे. क्लार्क यांचे सहकारी पॉल साल्कोव्हस्किस यांनी 1991 मध्ये दाखवले की भित्र्या माणसाची सावधगिरीच भीतीला जिवंत ठेवते. शंभर वेळा धडधडूनही मेलो नाही, तरी भीती का जात नाही? कारण प्रत्येक वेळी तो म्हणतो, बसलो म्हणून वाचलो, गोळी जवळ होती म्हणून वाचलो. सुटकेचे श्रेय गोळीला जाते, हृदयाला कधी मिळतच नाही. म्हणून उपचारात ही कुबडी एकेक करून सोडवतात, आधी उपचारक सोबत असताना, मग एकट्याने. क्लार्क यांच्या गटाने 1994 मध्ये 64 रुग्णांवरची तुलना छापली. सहा महिन्यांनी इमिप्रामिन हे औषध घेणारे आणि ही पद्धत शिकलेले रुग्ण साधारण बरोबरीने होते, पण पंधरा महिन्यांनी पद्धत शिकलेले पुढे निघून गेले, कारण औषध थांबल्यावर काहींचा त्रास परतला होता. औषधांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. त्यांनीही पुष्कळांचे जिने परत मिळवून दिले आहेत.

डा कॉस्टा 1900 साली वारला. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांचे जे दहावे वर्गीकरण केले त्यात त्याचे नाव शिल्लक आहे, एफ 45.3 या क्रमांकाखाली, ‘कार्डिअॅक न्यूरोसिस’च्या शेजारी. हृदयरोगांचे प्रकरण आय या अक्षराने सुरू होते. एफ हे अक्षर मनोविकारांचे.