औषध दारापाशी येईपर्यंत

आयुर्वेदाने रोगांची विभागणी साध्य, याप्य आणि असाध्य अशी केली आहे. याप्य रोग मुळापासून जात नाही, पण पथ्य आणि औषध चालू असेपर्यंत आटोक्यात राहतो. सुश्रुतसंहितेने या उपचाराला कोसळू पाहणाऱ्या घराला लावलेल्या टेकूची उपमा दिली आहे. प्रमेहाच्या वीस प्रकारांपैकी कफाचे दहा साध्य, पित्ताचे सहा याप्य आणि वाताचे चार असाध्य मानले गेले. मधुमेह या शेवटच्या चारांत होता. तो असाध्यातून याप्यात आला तो १९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागल्यावर. पण याप्य रोगाला औषध सापडणे पुरेसे नसते. ते महिन्यामागून महिने आणि वर्षामागून वर्षे रोग्याच्या हाती पडावे लागते, आणि माळवा-निमाडात खरी अडचण नेमकी हीच होती.

उदाहरण म्हणून नेमावर घ्या. हे नर्मदेच्या उत्तर तीरावरचे गाव. समोरच्या काठावर हंडिया. परमारकालीन सिद्धेश्वराचे देऊळ आणि नर्मदेचे नाभिस्थान म्हणून असलेली ख्याती यांमुळे परिक्रमावासीयांची येथे पूर्वापार वर्दळ आहे. होळकर संस्थानात नेमावर हे एका जिल्ह्याचे नाव होते. आज गाव देवास जिल्ह्याच्या खातेगाव तहसिलीत येते. आसपास देवासची थोरली पाती, धाकटी पाती आणि पश्चिमेला धार, अशी पवारांची मराठी राज्ये होती. वैद्यकाची नवी सोय मात्र राजधान्या आणि छावण्यांपुरतीच होती. इंदुरात १८७८ साली वैद्यकीय शाळा निघाली आणि तिथे शिकलेली माणसे संस्थानांच्या दवाखान्यांत जाऊ लागली. ताप, जखम, हगवण, अडलेले बाळंतपण यांसाठी असे दवाखाने उपयोगाचे होते. एकदा यावे, औषध घ्यावे आणि घरी जावे, अशीच त्यांची घडण होती. नेमावरहून इंदूर आज सडकेने सव्वाशे-दीडशे किलोमीटर पडते. बैलगाडीच्या काळात एवढी वाट दर महिन्याला तुडवणे शेतकऱ्याला किंवा मजुराला परवडणारे नव्हते.

त्यामुळे दीर्घ आजाराला पहिले संघटित उत्तर मिळाले ते आश्रमाच्या रूपाने, आणि तेही कुष्ठरोगाच्या निमित्ताने. १८७३ साली नॉर्वेत हॅन्सनने कुष्ठाचा जंतू दाखवला. १८९० साली मुंबईत माटुंग्याला ॲकवर्थ यांनी कुष्ठधाम उभारले. १८९८ साली सरकारने कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा केला. निराधार रोग्याला पकडून आश्रमात ठेवण्याची मुभा त्या कायद्याने दिली. धारमध्ये मात्र हे काम कायद्याच्या धाकाने सुरू झाले नाही. कॅनडातून आलेल्या डॉ. मार्गारेट ओहारा १८९५च्या सुमारास धारला आल्या. त्यांनी तिथे मिशनचा स्त्रियांचा दवाखाना चालवला आणि कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे केले. पुढची सुमारे तीन दशके त्या धारमध्ये राहिल्या. एकच डॉक्टर त्याच रोग्यांना इतकी वर्षे पाहत राहिल्याचे उदाहरण त्या काळात दुर्मिळ आहे. त्यांच्या कामाची खरी थोरवी त्याच सातत्यात आहे.

औषध म्हणाल तर चालमोगऱ्याचे तेल. त्याचाच सख्खा भाऊ म्हणजे कोकणातला कडू कवठ, सुश्रुताचा तुवरक. हे तेल पोटात घेतले की मळमळे, टोचून घेतले की गाठी येत. तरी रोगी वर्षानुवर्षे ते घेत राहिले, कारण दुसरे काही हाताशी नव्हते. आश्रमात अन्न, निवारा आणि जखमांची मलमपट्टी मिळे. पण आश्रमात गेलेला माणूस गावाला आणि घराला दुरावे. त्या भीतीने अंगावरचा पहिला बधिर चट्टा सदऱ्याखाली लपवला जाई, आणि बोटे वाकडी होईपर्यंत रोगी समोर येत नसे. आश्रमाने पुष्कळांना आसरा दिला, पण रोग वेळेवर गाठणे त्याला साधले नाही.

१९४०च्या दशकात डॅप्सोन आले आणि चित्र पालटले. गोळी स्वस्त होती, तोंडाने घ्यायची होती आणि घरी राहून घेता येत होती. मग रोग्याला आश्रमात का आणायचे? हा प्रश्न भारतात पद्धतशीरपणे हाती घेतला तो वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने. १९५१ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक डॉ. र. वि. वारदेकर होते. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तीन अंगे असलेली त्यांची पद्धत कार्यकर्त्यालाच रोग्याच्या गावी पाठवणारी होती. तो घरोघर फिरे, उजेडात अंग तपासे, फिक्या चट्ट्यावर कापसाचा बोळा फिरवून संवेदना पाही आणि कोपराजवळची नस जाड झाली आहे का ते बोटांनी चाचपे. ज्याचे निदान होई त्याचे कार्ड बने, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी त्याला गोळ्या मिळत. न आलेल्याच्या घरी कार्यकर्ता स्वतः जाई. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. नोंद, नियमित औषध आणि चुकलेल्याचा पाठपुरावा ही दीर्घ आजाराच्या आजच्या उपचाराची चौकट आहे. विदर्भातल्या खेड्यांत ती मधुमेह-रक्तदाबाच्या सरकारी कार्यक्रमांच्या कितीतरी आधी घडली. वारदेकरांचे नाव महाराष्ट्रातही आज फारसे घेतले जात नाही, ही खंत नोंदवायलाच हवी.

तरी नुसत्या डॅप्सोनची मर्यादा लवकरच कळली. काही रोग्यांना ते जन्मभर घ्यावे लागे. चट्टा फिका पडला, बरे वाटू लागले की गोळ्या सुटत. एकाच औषधाचा अपुरा, तुटक वापर झाला की जंतू त्याला जुमानेनासे होत. १९६४ साली हे प्रयोगाने सिद्ध झाले. १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषधी उपचाराची शिफारस केली. त्याचे अठ्ठावीस दिवसांचे पाकीट पाहण्यासारखे आहे. पहिल्या दिवसाचा मोठा डोस वेगळा असतो आणि तो आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गिळायचा असतो. उरलेल्या गोळ्या रोज एकेका कप्प्यातून फोडून घ्यायच्या असतात. रिकामे कप्पे पाहिले की किती दिवस चुकले ते कर्मचाऱ्याला आणि घरच्यांनाही लगेच कळते. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आले. १८९८चा कायदा मात्र २०१६ साली रद्द झाला.

दरम्यान राज्ये बदलली. १९४८ साली होळकर, धार आणि देवास ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि १९५६ साली मध्य प्रदेश झाला. १९५२च्या सामूहिक विकास योजनेपासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. देवी, हिवताप आणि कुटुंबनियोजन हेच त्यांचे मुख्य काम राहिले. ‘शुगर’ आणि ‘बीपी’ हे शहरी, खात्यापित्या घरांचे आजार समजले जात. या समजुतीने खेड्यांचे फार नुकसान केले. उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे काहीच त्रास देत नाही. तो पहिल्यांदा समजतो तो अनेकदा अर्धांगवायूचा झटका आल्यावर.

मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात आणि कर्करोग यांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये रक्तदाब नियंत्रणाचा विशेष उपक्रम पाच राज्यांतल्या पंचवीस जिल्ह्यांत सुरू झाला. त्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही होते. मोजकी औषधे, ठरलेला क्रम, घराजवळच्या केंद्रातून महिन्याभराच्या गोळ्या, दर भेटीची नोंद आणि न आलेल्याला परिचारिकेकडून बोलावणे, अशी त्याची रचना आहे. जुन्या कुष्ठकार्डाशी तिचे नाते उघड दिसते. फरक एकच, इथे कोणाच्याच उपचाराला शेवटची तारीख नाही.

धार जिल्ह्यातल्या आदिवासी वस्त्यांत आणखी एक जन्मभराचा आजार आहे, सिकल सेल. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांवरील मजुरांमध्ये झाली. त्याच दशकात नागपूरच्या डॉक्टरांनी तो विदर्भात दाखवला. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य ठणकतात. फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, लसी आणि हायड्रॉक्सीयुरिया यांनी हे झटके कमी होतात, पण औषध खंडले की ते पुन्हा येऊ लागतात. या आजाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झाले. २०४७ हे त्याचे उद्दिष्टाचे वर्ष आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी धार जिल्ह्यातल्या कार्यक्रमात मध्य प्रदेशातले एक कोटीवे तपासणी कार्ड दिले गेले. तपासणी एकदाच होते. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी मात्र रोज लागते, आणि ती चालू असताना ठरावीक अंतराने रक्त तपासावे लागते. म्हणून हे औषध आणि ही नियमित रक्ततपासणी तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत अखंड पोहोचवणे, हे या अभियानापुढचे पहिले काम आहे.