पाठीला डोळे नाहीत, म्हणून कान: पार्किंग सेन्सरची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात एका आवाजाने करू. टिक... टिक... टिक-टिक-टिक... टीऽऽऽ!

ओळखलात ना? गाडी रिव्हर्सला टाकली की डॅशबोर्डच्या आसपास कुठून तरी येतो तो आवाज. नव्या गाडीत तो कंपनीकडूनच येतो. पण घरची गाडी जुनी असेल तर प्रश्न पडतो: मागे सेन्सर बसवून घ्यावेत का? चांगल्या बंपरला भोकं पाडायची का? तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे विचारलंय. उत्तर शेवटी देतोच. पण आधी या वस्तूचा इतिहास ऐका. ती मुळात कोणासाठी बनली हे कळलं, की ती काय करू शकते आणि कुठे हात टेकते हेही कळतं.

आधी माणूसच सेन्सर होता

मोटारी आल्या तेव्हा मागचं बघायची काही सोयच नव्हती. १९०९ साली डोरोथी लेव्हिट या इंग्लिश ड्रायव्हर बाईंनी आपल्या पुस्तकात सल्ला दिला, की गाडीत एक हातातला आरसा ठेवा, मागचं बघायला उपयोगी पडेल. १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या शर्यतीत रे हॅरूनने गाडीवर आरसा बसवला आणि ती शर्यत जिंकलीसुद्धा. पुढे आरसा सगळीकडे आला.

पण आरशाला लांबचं दिसतं. बंपरला चिकटून, काचेच्या खालच्या कडेपेक्षा खाली जे आहे ते आरशात येत नाही. गाडी जितकी उंच, तितका हा न दिसणारा पट्टा लांब.

यावर आपल्याकडचा उपाय तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. एसटी स्टँडवर गाडी मागे घ्यायची असली की कंडक्टर खाली उतरतो, मागे जाऊन उभा राहतो आणि शिट्टी वाजवतो. सोसायटीत हेच काम वॉचमन करतो: "येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा... बस्स!" आणि पत्र्यावर हाताने धप्प. नीट बघा, यात ड्रायव्हर बघत नाहीये, तो ऐकतोय. शिट्टीची लय बदलली की त्याचा पाय ब्रेकवर जातो. पार्किंग सेन्सर आज नेमकं हेच करतो.

मग आले रिव्हर्स हॉर्न. जपानच्या यामागुची इलेक्ट्रिक कंपनीने १९६३ साली गाडी मागे घेताना वाजणारा बीपर बाजारात आणला. आपल्याकडे त्याची गाणी झाली. पहाटे कोणी तरी गाडी काढायचं आणि अख्ख्या बिल्डिंगला ट्यून ऐकायला लागायची. पण हा आवाज बाहेरच्यांसाठी होता: बाजूला व्हा, मी येतोय! मागे काय आहे हे ड्रायव्हरला त्यातून काहीच कळत नव्हतं. आणि ज्याला बाजूला व्हायचं कळतच नाही, त्याचं काय? हा प्रश्न लक्षात ठेवा. आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

वटवाघळं आणि दीडशे वर्षांचं कोडं

आता थोडं मागे, १७९३ सालच्या इटलीत. लाझारो स्पालांझानी नावाचे एक शास्त्रज्ञ पाहतात, की पूर्ण अंधारात घुबड धडपडतं, पण वटवाघूळ मजेत उडतं. डोळे काढून टाकलेली वटवाघळंसुद्धा व्यवस्थित उडतात. प्रयोग क्रूर होता, यात वाद नाही. मग जिनिव्हाच्या लुई ज्युरीन यांनी वटवाघळांचे कान बंद केले, आणि ती आपटायला लागली. म्हणजे वटवाघूळ कानाने 'बघतं'!

पण लोकांना पटेना. वटवाघूळ उडताना आवाज तर येत नाही, मग ते ऐकतं काय? हे कोडं सुटायला १९३८ उजाडलं. हार्वर्ड विद्यापीठात डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने वटवाघळं उचलली आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज पिअर्स यांच्याकडे नेली. पिअर्स यांच्याकडे माणसाला ऐकू न येणारे उंच आवाज पकडणारं यंत्र होतं. यंत्रासमोर वटवाघळं चक्क ओरडत होती! आपला कान सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. त्याच्या वरचा आवाज म्हणजे अल्ट्रासाउंड.

दरम्यान माणसानेही हे तंत्र वेगळ्या वाटेने गाठलं होतं. १८८० साली पिअर आणि जाक क्युरी या भावांना दिसलं, की काही स्फटिक दाबले की वीज तयार होते. उलटही खरं निघालं: वीज दिली की स्फटिक थरथरतो. १९१२ ला टायटॅनिक बुडाली आणि पाण्यातला अडथळा आवाजाने शोधायच्या कल्पनांना जोर आला. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झचा स्फटिक वापरून पाणबुड्या शोधायचं यंत्र बनवलं. तुमच्या बंपरमधली गोल टिकली त्याच घराण्यातली आहे. तीच आवाज सोडते आणि तीच प्रतिध्वनी ऐकते.

काठीच्या पुढचं ऐकू यावं म्हणून

माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा आहे, आणि तो गाड्यांचा नाहीच.

काही अंध माणसांना भिंत जवळ आली की आधीच कळतं. ते सांगायचे, चेहऱ्याला काही तरी जाणवतं. १९४४ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा छडा लावला. त्यांच्यातले मायकेल सुपा स्वतः अंध होते. कान बंद केल्यावर लोक भिंतीला धडकायला लागले. म्हणजे 'चेहऱ्याला जाणवणं' हे खरं तर पावलांच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकणं होतं. वटवाघळाचीच गोष्ट, फक्त माणसाची.

मग यंत्र बनवणारे पुढे आले. १९६० च्या दशकात लेस्ली के यांनी अंध व्यक्तींसाठी अल्ट्रासाउंडची 'टॉर्च' बनवली. ती समोर धरायची आणि परत आलेल्या आवाजावरून अंदाज घ्यायचा. इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठात तर अंध व्यक्तींच्या फिरण्यावर संशोधन करणारा खास विभाग होता. तिथले टोनी हेज यांनी डोक्यावर घालायचं एक उपकरण विकसित केलं. अडथळा जवळ येईल तसे त्यातले सूर बदलत जायचे. अंतर सुरांतून सांगायचं ही कल्पना.

याच हेज यांना १९७० च्या दशकाच्या शेवटी सुचलं, की हेच तंत्र गाडीला लावलं तर? रिव्हर्स घेताना ड्रायव्हरलाही मागचं दिसत नसतंच की! त्यांनी १९८३ ला पेटंटसाठी अर्ज केला आणि जॅग्वार कंपनीला कल्पना दाखवली. जॅग्वारने नको म्हटलं.

तिकडे जपानमध्ये टोयोटाने १९८२ मध्येच कोरोना या गाडीत 'बॅक सोनार' दिला होता. युरोपात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजसारख्या महागड्या गाड्यांमध्ये हे सेन्सर आले. म्हणजे दहा-बारा वर्षांत वस्तू तीच राहिली, मालक बदलला. अंध व्यक्तीला चालता यावं म्हणून ज्या तंत्रावर मेहनत झाली होती, ते आता महागड्या बंपरचा रंग वाचवायला लागलं. पुढे ते स्वस्त झालं आणि थेट आपल्या गल्लीतल्या अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात येऊन पोचलं.

बंपरला चार भोकं

आमच्या घरच्या हॅचबॅकला मी हे बसवून घेतलं तेव्हा दुकानात शेजारी उभा राहून सगळं पाहिलं. खोक्यात असतं काय? चार सेन्सर, एक छोटा डबा म्हणजे कंट्रोल युनिट, वायरी, एक बझर किंवा डिस्प्ले आणि भोकं पाडायचा गोल कटर.

फिटरने आधी बंपरवर टेप लावून मापं घेतली. हे काम घाईत झालं की पुढे सगळंच बिघडतं. सेन्सर जमिनीपासून साधारण ५० ते ६५ सेंटीमीटरवर, चारही एका रेषेत. खूप खाली बसवला तर तो रस्त्यालाच अडथळा समजतो आणि उगीच बोंबलतो. खूप वर बसवला तर बुटक्या वस्तू सुटतात. बऱ्याच सेन्सरवर वरची बाजू दाखवणारी खूण असते. तो उलटा बसला तरी तोच घोळ. भोक पाडायच्या आधी बंपरच्या आत लोखंडी पट्टी आडवी येते का, हे बघायचं.

मग वायरिंग. कंट्रोल युनिटला वीज मिळते रिव्हर्स लाइटच्या वायरीतून. म्हणून रिव्हर्स टाकला की सिस्टिम आपोआप जागी होते, आणि गिअर काढला की झोपते. वेगळं बटण नाही. किती साधी युक्ती आहे बघा!

त्यानंतर डब्यातलं गणित सुरू होतं. सेन्सर सेकंदाला साधारण ४०,००० कंपनांचा आवाज सोडतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. वस्तू एक मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दोन मीटर, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम सहा भाग. तेवढ्या वेळावरून अंतर ठरतं आणि त्यावरून बीपचा वेग. अगदी जवळ, फूटभराच्या आत, टिकलीची स्वतःची थरथर थांबायच्या आधीच प्रतिध्वनी परत येतो. तिथे नेमकं अंतर सांगणं कठीण होतं. म्हणून शेवटी सलग 'टीऽऽऽ'. त्याचा अर्थ एवढाच: आता थांबा.

जे परत येत नाही, ते ऐकू येत नाही

भिंत, दुसरी गाडी, जाड खांब: इथे सेन्सर हुशार आहे, कारण कडक आणि सपाट वस्तूवरून आवाज नीट परत येतो. बारीक सळई, तिरका पृष्ठभाग, बंपरच्या खाली असलेला दगड इथे तो चुकू शकतो. कापड आवाज शोषून घेतं. आता विचार करा: लहान, मऊ, कपडे घातलेलं, बंपरपेक्षा थोडंसंच उंच आणि सारखं हलणारं काय असतं? लहान मूल.

२००२ साली न्यूयॉर्कजवळ कॅमेरॉन गुलब्रॅन्सन हा दोन वर्षांचा मुलगा स्वतःच्या वडिलांच्याच गाडीखाली गेला. ते गाडी रिव्हर्स घेत होते. वडील बालरोगतज्ज्ञ. त्या मुलाच्या नावाने अमेरिकेत कायदा झाला. २०१४ साली तिथल्या रस्ता सुरक्षा विभागाने आकडे दिले: गाडी मागे घेताना तिथे वर्षाला सरासरी २१० माणसं मरतात. त्यातली ३१ टक्के पाच वर्षांखालची मुलं, आणि २६ टक्के सत्तरी गाठलेली किंवा ओलांडलेली माणसं. बाजूला व्हायचं ज्यांना कळत नाही किंवा पटकन जमत नाही, तेच हे लोक. त्यांच्या चाचण्यांत असंही दिसलं, की सेन्सर लहान मुलांना ओळखण्यात भरवशाचे नाहीत. म्हणून त्यांनी मागचं दृश्य दाखवणं सक्तीचं केलं आणि १ मे २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या कारमध्ये कॅमेरा आला.

भारतात १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले, ड्रायव्हरची एअरबॅग आणि सीटबेल्टच्या बीपबरोबर. असे वाहन-मानक प्रसिद्ध करण्याचं काम पुण्यातली एआरएआय ही संस्था करते. पण त्याआधीच्या कितीतरी गाड्या आजही आपल्या सोसायट्यांत उभ्या आहेत. आणि आपल्याकडे पार्किंग हेच पोरांचं क्रिकेटचं मैदान असतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, बसवून घ्या. बंपर परत रंगवण्याच्या खर्चापेक्षा हे बहुतेक वेळा स्वस्तच पडतं. बजेट असेल तर सोबत कॅमेराही घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी विचारून घ्या. आठवड्यातून एकदा सेन्सरवरचा चिखल पुसा, पावसाळ्यात तर नक्कीच.

आणि हे गणित लक्षात ठेवा. ताशी ५ किलोमीटरने मागे गेलात तरी गाडी सेकंदाला जवळपास १.४ मीटर सरकते. सेन्सरची पोच दीड-दोन मीटर धरली, तर पहिल्या बीपनंतर हातात एक-दीड सेकंद उरतो. म्हणून पाय क्लच-ब्रेकवर आणि गाडी मुंगीच्या वेगाने.

बीप आला तर मागे काही तरी आहे असंच समजा. पण बीप आला नाही तर मागे कोणी नाही, असं सेन्सर म्हणत नाही. त्याला फक्त प्रतिध्वनी ऐकू आलेला नसतो. ज्यांच्यासाठी हे तंत्र आधी बनलं, त्या अंध व्यक्तींनीही यंत्र आलं म्हणून पांढरी काठी सोडली नाही. यंत्र काठीच्या जोडीला होतं. आपली काठी म्हणजे गाडीत बसायच्या आधी मागून मारलेली एक चक्कर. आणि घरात लहान मूल असेल तर ते कोणाच्या तरी कडेवर आहे, हे बघितल्यावरच रिव्हर्स.

हा भाग घरात जो गाडी काढतो त्याला पाठवा. तुमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये खेळणाऱ्या मुलांसाठी काही नियम केले असतील तर तेही कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, आणि मागे वळून बघत राहा!