आर्नोकाठची छत्री

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. इंग्लंड पाहून ते घरी परतत होते. मुन्योने नावाची छोटी नदी जिथे आर्नोला मिळते त्या संगमावर त्यांचं हिंदू रिवाजाप्रमाणे दहन झालं. त्या जागी आज एक छत्री उभी आहे आणि छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे.

ठाणे, कळवा, डोंबिवलीकडच्या मंडळींना युरोप दाखवायला नेणं हे माझं काम. राहते कळव्याला, खारेगावात. ग्रुपच्या कार्यक्रमात फ्लॉरेन्सला बहुतेक वेळा अर्धा दिवस मिळतो. मोठी बस जुन्या शहरात जाऊ शकत नाही आणि ड्रायव्हरचे तास भरले की ती जागची हलत नाही. तिकडे तो कायदा कडक आहे. मग टेकडीवरच्या पियाझाले मायकेलअँजेलोवरून शहराचा फोटो, खाली उतरून दुओमो, सिन्योरियाचा चौक, पोन्ते वेक्कियो, एखादं चामड्याचं दुकान आणि संध्याकाळी बसकडे परत. यात वाईट काही नाही. आयुष्यभर पै-पै साठवून आलेली माणसं असतात, त्यांना जे दाखवू ते त्यांच्या पदरात पडतं. म्हणूनच ती छत्री न दाखवता ग्रुप पुढे न्यायचं माझ्या जिवावर येतं. इतकं आपलं असं त्या शहरात दुसरं काही नाही.

आज आपण ज्याचे फोटो काढतो ते फ्लॉरेन्स बरंचसं महाराजांच्या नंतरचं आहे. दुओमोचा ब्रुनेलेस्कीचा घुमट जुना, १४३६ सालचा. पण पांढऱ्या, हिरव्या, गुलाबी संगमरवराचा जो दर्शनी भाग पाहून माणसं थबकतात तो १८८७ साली पुरा झाला. १८७० मध्ये तिथे नुसती उघडी भिंत होती. मायकेलअँजेलोचा डेव्हिड तेव्हा सिन्योरियाच्या चौकात ऊनपावसात उभा होता. त्याला १८७३ मध्ये छपराखाली हलवलं, आता चौकात आहे ती प्रतिकृती. फोटोसाठी बस थांबते ती टेकडीवरची गच्चीसुद्धा त्याच सुमाराला आकार घेत होती. जुसेप्पे पोज्जी नावाच्या वास्तुकाराने शहराचा जुना कोट पाडून रुंद रस्ते काढले, त्या कामाचाच तो भाग.

ही सगळी मोडतोड चालली होती, कारण १८६५ पासून फ्लॉरेन्स ही नव्या इटलीची राजधानी होती. संसद पलाझ्झो वेक्कियोमध्ये भरे, राजा पित्ती राजवाड्यात राही. २० सप्टेंबर १८७० ला इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या आणि राजधानी तिकडे जाणार हे ठरलं. प्रत्यक्षात ती १८७१ मध्ये गेली. मधल्या त्या थोड्या महिन्यांत परक्या देशांचे वकील अजून फ्लॉरेन्समध्येच होते. याचं महत्त्व पुढे कळेल.

राजाराम महाराज जन्माने पाटणकर, मूळ नाव नागोजीराव. कोल्हापूरच्या गादीवर ते दत्तक आले आणि १८६६ मध्ये राजे झाले. गादीवर असताना विलायतेला गेलेले पहिले हिंदू राजे म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानणारा तो काळ, त्यात हा वयाच्या सोळा-सतराव्या वर्षापासून राज्याचं ओझं वाहणारा मुलगा. इंग्लंडमध्ये ते राणी व्हिक्टोरियाला भेटले, पार्लमेंटचं कामकाज पाहिलं, दादाभाई नौरोजींना भेटले. आणि रोज, इंग्रजीतून, रोजनिशी लिहिली. सोबत असलेल्या कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी ती संपादित करून १८७२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. कुठे गेलो, कोण भेटलं, काय पाहिलं, अशा साध्या नोंदी. माझ्या ग्रुपमधल्या काकूसुद्धा रात्री हॉटेलवर वहीत असंच लिहितात: इथे गेलो, हे पाहिलं, हे जेवलो. मला दोन्ही लेखनांबद्दल सारखाच आदर आहे. महाराजांच्या वहीत फ्लॉरेन्सची पानं मात्र भरायची राहिली.

परतीची वाट वेडीवाकडी झाली ती लढाईमुळे. फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध जुलैत पेटलं होतं आणि सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला होता. म्हणून बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रिया असा वळसा. इन्सब्रुकला महाराज आजारी पडले. तिथे आमच्या ग्रुपचाही मुक्काम असतो. मे महिन्यातही रात्री अंगात स्वेटर लागतो, तर नोव्हेंबरात काय असेल? ब्रेनर खिंडीतून रेल्वे तीनच वर्षांपूर्वी सुरू झाली होती. आल्प्स ओलांडून ते इटलीत उतरले आणि फ्लॉरेन्सला आर्नोकाठच्या हॉटेलात पोहोचले. तिथून ते उठलेच नाहीत.

आता त्या हॉटेलात महाराजांसोबत असलेल्या त्यांच्या माणसांचा विचार करा. राजा गेला. मुलूख परका, भाषा परकी, आणि देहाला अग्नी द्यायचा आहे. आज आमच्या धंद्यात परदेशी कुणी दगावलं तर काय करायचं याची यादी असते: विमा कंपनीला फोन, डॉक्टरांचा दाखला, दूतावासाचं ना-हरकत पत्र, देह रसायन भरून पेटीत, विमानाची जागा. सगळं सुरळीत झालं तरी दिवसचे दिवस जातात. १८७० साली यातलं काही नव्हतं. इटलीत प्रेत जाळण्याची मोकळीक नव्हती, चर्चला ते मान्य नव्हतं. तिथलं आधुनिक काळातलं पहिलं दहनगृह मिलानला निघालं आणि पहिलं दहन झालं ते जानेवारी १८७६ मध्ये. इंग्लंडमध्ये वोकिंगच्या दहनगृहात तर १८८५ उजाडलं. अर्धशतकापूर्वी, १८२२ मध्ये, कवी शेलीचा देह इटलीच्याच किनाऱ्यावर वाळूत जाळला होता. पण ती साथरोगाच्या नियमांची सक्ती होती.

इंग्लंडचे वकील सर ऑगस्टस पॅजेट यांनी शब्द टाकला आणि फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने त्याच रात्री परवानगी दिली. राजधानी आधीच हलली असती तर असा वकील हाताशी नसता. जागा ठरली कासिने बागेच्या टोकाला, दोन नद्यांच्या संगमावर. कोल्हापूरच्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. प्रयाग चिखलीच्या संगमावर भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते, आणि पंचगंगेच्या घाटावर राजघराण्याच्या समाध्या आहेत. त्या माणसांनी आर्नोकाठी दुसरी पंचगंगाच शोधली.

मध्यरात्रीनंतर मिरवणूक निघाली. थंडी असूनही बघ्यांची गर्दी होती. शहराच्या बाहेर, गवताच्या टोकावर, चिता रचली आणि अग्नी दिला. काही रक्षा आर्नोत सोडली, बाकीच्या अस्थी मायदेशी आणल्या.

मला त्या रात्रीच्या नगरपालिकेविषयी फार वाटतं. आपल्या कायद्यात न बसणारी, आपल्या धर्मात निषिद्ध असलेली गोष्ट, परक्या मुलखातल्या वीस वर्षांच्या मुलासाठी, काही तासांत मान्य करायची. शहराचा मोठेपणा सांगताना आपण मेदिची घराणं सांगतो, घुमट सांगतो, बोत्तिचेल्ली सांगतो. हा ठरावही त्याच पंक्तीत बसवायला हवा. मी ग्रुपला तसंच सांगते.

छत्री १८७४ साली उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँट यांचा आणि पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. हे मँट म्हणजे ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेस आखला तेच. नवा राजवाडा पाहिलेल्या माणसाला छत्रीची कमान आणि घुमट पाहून ओळख पटते. चौथऱ्यावर चार भाषांत लेख आहे. १९७८ मध्ये जवळच आर्नोवर तारांनी तोललेला मोठा पूल झाला, त्यालाही महाराजांवरूनच पोन्ते अल्लिंदियानो, म्हणजे भारतीयाचा पूल, हे नाव पडलं. रोज हजारो गाड्या या नावावरून ये-जा करतात.

एकदा ग्रुपची फ्लॉरेन्समधली संध्याकाळ मोकळी होती. डोंबिवलीत राहणारे, मूळचे कोल्हापूरकडचे एक काका माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, महाराज इथंच हाईत न्हवं?" त्यांना हे त्यांच्या आजोबांकडून माहीत होतं. आम्ही काही जण ट्रामने निघालो. पुढे चालायचं होतं, काकांचे गुडघे दुखत होते, पण ते थांबायला तयार नव्हते. छत्रीसमोर त्यांनी चपला काढल्या, वाकून मुजरा केला आणि पुतळ्याकडे बघून मोठ्याने सांगितलं, "महाराज, कोल्हापूर बरं हाय. पाऊस झालाय." शेजारून पळणारी एक इटालियन मुलगी थांबली. तिने मला विचारलं, हे कोण? मी सांगितलं ते तिने पूर्ण ऐकून घेतलं. रोज इथून पळते, पण हे कधी कळलं नव्हतं, म्हणाली.

उलट दिशेनेही असं घडलेलं आहे, आणि ते अगदी माझ्या दारातलं. कळव्याहून खाडीचा पूल ओलांडला की ठाणं. १३२१ च्या एप्रिलमध्ये या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले: तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, हे तिघे इटालियन, आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. कोल्लमला जाताना त्यांचं जहाज इथे लागलं होतं. धर्मावरून वाद झाला आणि इथल्या सुभेदाराने त्यांना ठार मारलं. त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले. एखाद्या वर्षाने ओदोरिक नावाचा इटालियन साधू ठाण्याला उतरला, त्यांची हाडं उकरून बरोबर घेतली आणि थेट चीनपर्यंत नेली. मायदेशी परतल्यावर, १३३० मध्ये, त्याने पादुआला आपला प्रवास सांगून लिहवून घेतला. त्यात ठाण्याचं वर्णन आहे: इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि मांजरांना आवरत नाहीत. खाडीकाठच्या कुठल्याही चाळीत राहिलेल्या माणसाला या घुशी ओळखीच्या आहेत. व्हेनिस पाहायला आमचे ग्रुप पादुआच्या आसपासच्या हॉटेलांत उतरतात. तिथे चहा पिताना मी हे सांगते तेव्हा टेबल गप्प होतं, आणि मग प्रश्नांचा पाऊस पडतो.

फ्लॉरेन्समधल्या त्या मृत्यूने कोल्हापूरचंच नव्हे, महाराष्ट्राचं पुढचं वळण बदललं. राजाराम महाराजांना मुलगा नव्हता. १८७१ मध्ये चौथे शिवाजी महाराज दत्तक आले. इंग्रजांनी त्यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी तिथेच, गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत, त्यांचा अंत झाला. मग मार्च १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून यशवंतराव दत्तक आले, ते शाहू महाराज. त्यांनी मागासलेल्या जातींसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्याचा हुकूम २६ जुलै १९०२ चा. तेव्हा शाहू महाराज स्वतः सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत होते. घराणं एकच, समुद्रप्रवासही तोच. एक राजा त्यातून परतला नाही आणि दुसऱ्याने तिकडे असताना हे केलं.

जायचं असेल तर वाट सोपी आहे. सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनापासून टी-१ ट्रामने कासिनेचा थांबा गाठायचा. पुढे बागेतून नदीच्या प्रवाहाबरोबर, पश्चिमेकडे, नदी डाव्या हाताला ठेवून सरळ चालत राहायचं, बाग संपेपर्यंत. ती मूळची मेदिची घराण्याची शेतवाडी. साडेतीन किलोमीटर लांब पसरली आहे, तेव्हा पाण्याची बाटली आणि चालायचे बूट हवेत. गुडघे दुखत असतील तर सायकल किंवा टॅक्सी करावी. मंगळवारी सकाळी बागेत मोठा आठवडी बाजार भरतो, कपडे, भांडी, भाज्या सगळं मिळतं. सोबतची मंडळी तिथे रमली तरी चालेल, पण त्यांना पुढे टोकापर्यंत न्या. दीड-दोन तास हाताशी ठेवा. फुलं वाटेत मिळतीलच असं नाही, ती स्टेशनजवळूनच घेतलेली बरी.