चकवा, भ्रम आणि भान

वाशिमकडच्या खेड्यांत रानात वाट चुकलेल्या माणसाला ‘चकवा लागला’ असे म्हणतात. शिवार ओळखीचेच असते, पण दिशा उमगत नाही आणि माणूस फिरून त्याच बांधावर येतो. येथे दोष चकव्याकडे जातो. माणसाला कोणी वेडा ठरवीत नाही. भान हरपण्याच्या निरनिराळ्या अवस्थांना निरनिराळी नावे देण्याची ही रीत जुनी आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

चरकसंहितेत ‘उन्माद’ म्हणजे मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम. ‘भ्रम’ शब्दाच्या मुळाशी भटकणे, गरगरणे हाच अर्थ आहे. पुढे १३व्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडातल्या ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचे जे चरित्र महानुभावांनी लिहिले, त्यात गावकरी त्यांना ‘वेडे’ही म्हणतात आणि ‘पिसे’ही. त्यांचा घरोघरचा वावर मात्र त्यामुळे थांबत नाही.

इंग्रजी अमदानीत हे बारकावे पुसले गेले. १९१२च्या कायद्याचे इंग्रजी नावच चंद्राच्या प्रभावाने येणाऱ्या वेडाच्या कल्पनेवरून आलेले होते. जन्मजात मतिमंद आणि विकृत चित्ताचा मनुष्य हे दोघेही त्याने एकाच शब्दात कोंबले. १९८७च्या कायद्याने तो शब्द टाकून ‘मनोरुग्ण’ आणला आणि मतिमंदत्व वेगळे काढले. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८मध्ये अमलात आला. त्याच्या व्याख्येत विचार, मनःस्थिती, संवेदन, स्मृती यांच्या जोडीला स्थलकालाचे भानही स्वतंत्रपणे मोजले आहे. चरकाची मोजणी जणू नव्या रूपात परतली.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. आज वार कोणता, आपण कोठे आहोत, समोर कोण आहे, हे तीन प्रश्न वैद्य विचारतो. त्यांची उत्तरे वर्षानुवर्षे हळूहळू विरत गेली, तर स्मृतिभ्रंशाचा संशय येतो. तीच काही तासांत बिघडली, तर कारण बहुधा शरीरात असते: जंतुसंसर्ग, रक्तातली साखर वा क्षार उतरणे, फवारणीचे विष, दारू एकाएकी तुटणे. वैशाखात शेतातून परतलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी घरात ‘म्हातारचळ’ किंवा ‘बाहेरची बाधा’ हा शब्द आधी उच्चारला गेला, की इस्पितळाची वाट लांबते आणि उपचाराने बरा होणारा माणूस हातचा जातो.

म्हणून ‘चकवा’ आम्हांला टाकाऊ वाटत नाही. माणसाला न हिणवता त्याची अवस्था सांगण्याची सोय त्या शब्दात आहे. चकवा लागलेल्याला रानात एकटे सोडू नये, हात धरून आणावे, हे खेड्यात सर्वांनाच कळते. भान एकाएकी हरपलेल्यालाही तसेच आणावे. मात्र मांत्रिकाकडे नव्हे, दवाखान्यात.